वखारीत बूट

प्राचीच्या वाढदिवसाचे फोटो सोमवारी संध्याकाळी धुऊन आले. अश्विनीने ते जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखे पसरले, थोडा वेळ पाहिले आणि ती हसायला लागली. "गोरख, इकडे ये. एकाही फोटोत तू केककडे बघत नाहीयेस." खरंच नव्हता. प्राची फुंकर मारते आहे, तिच्या मैत्रिणींचे गाल तिच्याइतकेच फुगले आहेत, अश्विनीचा हात सुरीवर आहे आणि या सगळ्यांच्या मागे तो, मान जराशी डावीकडे वळवून, खिडकीच्या पडद्याकडे बघतो आहे. पुढच्या फोटोत केक कापला गेला आहे, तरी तो पडद्याकडे. त्याच्या पुढच्या फोटोत प्राची त्याच्या तोंडात घास घालते आहे. तोंड उघडं, डोळे पडद्यावर. "मला तर वाटतं, तू पडद्याचाच वाढदिवस केलास," अश्विनी म्हणाली. प्राची खिदळली. तोही हसला. पण ते हसणं घशाखाली उतरलं नाही, कुठेतरी मध्येच थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीनगरहून सुटलेल्या एसटीत घोडेगावचं तिकीट हातात धरून बसला असताना ते तिथेच होतं.

पडदा नायलॉनचा होता. मेणबत्त्या त्यापासून दोन वितींवर. खिडकी उघडी, वारा आत येणारा. त्याचं काहीही चुकलं नव्हतं, आणि अडचण नेमकी तीच होती. चुकलं असतं तर सवय सोडता आली असती. पण इतकी वर्षं त्याला पगार याच गोष्टीचा मिळत होता. एखाद्या गिरणीचा, कारखान्याचा, द्राक्षांच्या शीतगृहाचा विमा उतरवण्याआधी कंपनी कुणाला तरी तिथे पाठवायची आणि म्हणायची, बघून ये. गोरख भोर बघून यायचा. आत शिरला की आधी छप्पर. मग वायरी, मग दारं, मग साठवलेला माल आणि तो भिंतीपासून किती लांब आहे ते. शेजारी काय आहे, पाणी कुठे आहे, बंब कुठून येणार. माणसं सगळ्यात शेवटी. कागदावर माणसांसाठी जागाही थोडीच असे. मालक सरळ वाटतो की नाही, एवढंच. लोक त्याला चहा देत, कारखान्याबद्दल अभिमानाने सांगत, आणि तो त्यांच्या खांद्यावरून मागच्या फ्यूजबॉक्सकडे बघत मान डोलवत असे. हे ऑफिसात ठीक होतं. पण आता ते घरात आलं होतं. किंवा घरात पहिल्यापासून असेल, फोटो आत्ता निघाले इतकंच.

राजगुरुनगर मागे पडलं. खिडकीतून एप्रिलची कोरडी, गव्हाच्या काडासारखी हवा येत होती. त्याला आई आठवली. ठकूबाई. ओतूरला कुणाचंही लग्न असलं की ती मांडवात कडेलाच बसायची, बाहेर पडायच्या वाटेजवळ. बायका बोलवायच्या, "ठकूबाई, मधी या की, नवरी दिसंना तिथनं." ती म्हणायची, "दिसतीय दिसतीय, हितनं समदं दिसतंय." लहानपणी त्याला त्याची लाज वाटे. आपली आई नेहमी काठावर, पत्रावळी उचलणाऱ्यांच्या धक्क्यात, कनातीची दोरी पाठीला टोचते आहे अशी. एकदा त्याने चिडून विचारलं होतं, तू मध्ये का बसत नाहीस? ती म्हणाली होती, "मधी बसलं का मला गाणी ऐकू येत न्हाईत. निम्मं ध्यान वाटंवर जातंय. हितं बसलं की सुखानं ऐकू येत्यात." त्या वेळी ते उत्तर त्याला टाळाटाळीचं वाटलं होतं. आता मंचरच्या स्टँडवर गाडी थांबली असताना, खाली कुणीतरी काकड्या विकत असताना, त्याला त्या उत्तराकडे पुन्हा एकदा बघावंसं वाटलं. पण गाडी सुटली आणि ते राहिलं.

घोडेगावला उतरल्यावर तहसील कचेरीपुढची गर्दी ओलांडून तो तळेघरच्या रस्त्याला लागला. वखार गावाबाहेर होती. मालकीण नूरजहाँबाई, जुन्नरच्या. त्यांचे यजमान जलालभाई यांनी तीस वर्षं इथे डोंगरातला बाळहिरडा विकत घेतला, वाळवला, निवडला आणि पुढे पाठवला. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या हयातीत विमा नव्हता, कुणी विचारलाही नाही. आता पुण्याची औषधं बनवणारी एक कंपनी सगळा हंगाम नूरजहाँबाईंकडे साठवायला तयार होती, पण अट घालून. वखारीला आगीचा विमा पाहिजे. नसेल तर खरेदी मंचरला हलणार. म्हणजे ही वखार बंद होणार आणि आहुपे, तळेघरकडून डोक्यावर ओझी घेऊन येणाऱ्या लोकांना आणखी एक एसटी बदलावी लागणार. हे सगळं विम्यासाठी आलेल्या अर्जात होतं, शेवटचं वाक्य सोडून. ते त्याला एसटीत शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं. ती तळेघरची, दर हंगामात इथेच हिरडा घालणारी.

दारात पोचण्याआधी वास आला. कोरडा, तुरट, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. सहाणेवर घुटी उगाळताना येतो तो. प्राची दोन महिन्यांची असताना ठकूबाई पुण्याला येऊन राहिली होती आणि रोज सकाळी हिरड्याचे मोजून वेढे उगाळायची, एक जास्त झाला तर बाळ दिवसभर रडेल म्हणून. तो दारापाशी क्षणभर थांबला. उंबऱ्यालगत, बाहेरच्या बाजूला, भिंतीत एक फळी ठोकलेली होती. वापरून गुळगुळीत झालेली. तिच्यावर काडेपेट्या, एक चिलीम, तंबाखूच्या पिशव्या. त्याने मनात नोंद केली: प्रवेशद्वाराशी ज्वलनाची साधने. वाईट सुरुवात.

"या साहेब, या!" नूरजहाँबाईंचा मुलगा नुमान पुढे आला. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी गमबूट. त्याच्या मागे चार हमाल उभे होते. चौघांच्या पायांत तसलेच बूट. एकाचे दोन्ही बूट डाव्या पायाचे होते आणि तो त्यामुळे सतत वळण घेत असल्यासारखा उभा होता.

"हे काय?" गोरखने विचारलं.

"सेफ्टी," नुमान म्हणाला. "मी पुण्यात बघितलंय ना, कंपनीत सगळे बूट घालतात. रस्त्याच्या ठेकेदाराकडून आणलेत सकाळीच."

"ठेकेदाराकडं दोन उजवं कुनाच्या पायात ऱ्हायलं आसत्याल," डाव्या बुटांचा हमाल म्हणाला. त्याचं नाव जानकू. पन्नाशीचा, तळेघरच्या वरच्या अंगाचा. "तो गडी बी असाच गरागरा फिरत आसंल आज." बाकीचे हसले. नुमानने डोळे वटारले.

नूरजहाँबाई आत खुर्चीवर बसल्या होत्या. पांढरी ओढणी, चष्म्याला दोरी. त्या उठल्या, बसा म्हणाल्या, पाणी आणा म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "साहेब, जे बघायचं ते बघा. आमच्या मालकांनी तीस सालात इथं ठिणगी पडू दिली नाही. खुदा गवाह आहे." हे सगळे मालक म्हणतात. गोरखने मान डोलावली आणि वर बघितलं.

छप्पर पत्र्याचं, खाली सागाच्या कैच्या, जुन्या पण सरळ. भिंती दगडी, जाड. शेजारी दोन्ही बाजूंना मोकळी जागा, मागे विहीर, तिला पाणी. ही जमेची बाजू. वायरिंग उत्तरेकडच्या खणात जुनं, कापडी वेष्टणाचं, एका ठिकाणी उंदरांनी कुरतडलेलं. पोती तिथे बल्बच्या फार जवळ गेलेली. तो पायऱ्यांसारख्या रचलेल्या पोत्यांवर चढला, तर हाताला काळी, कुरकुरीत धूळ लागली. खालून जानकू म्हणाला, "सांभाळून राव, त्या पोत्यात आमचं समदं साल हाय." तो उतरला. फोटो काढू लागला. ऑफिसचा कॅमेरा होता आणि नियम असा की फोटोत माणसं नकोत, जोखीम दिसली पाहिजे. "जरा बाजूला व्हा," तो म्हणत होता, आणि माणसं त्या भल्यामोठ्या बुटांत धपधप आवाज करत बाजूला होत होती. कॅमेऱ्याच्या काचेतून बघताना त्याला एकदम टेबलावर पसरलेले फोटो दिसले. आपण तिथेही हेच करत होतो, त्याला वाटलं. मुलीला, बायकोला, त्या फुगलेल्या गालांना मनातून जरा बाजूला व्हायला सांगत होतो. पडदा नीट दिसावा म्हणून. म्हणजे त्याला कधी काही चांगलं दिसलंच नव्हतं का? शीतगृहांत द्राक्षं असतात. गिरण्यांत ताजं पीठ. त्याला आठवत होत्या त्या फक्त तिथल्या तापलेल्या विजेच्या मोटारी.

आणि तेव्हा तो वास आला. हिरड्याच्या तुरटपणातून वेगळा, गोडसर, जळका. बिडी.

त्याने कॅमेरा खाली केला. वास दक्षिणेच्या कोपऱ्याकडून येत होता, जिथे पोत्यांलगत एक टोपली ठेवलेली होती, हिरड्याने भरलेली, वर हळदकुंकू आणि सुकलेलं फूल. तिच्या जवळ दोन हमाल उभे होते, हात मागे. नुमान त्यांच्या पुढे. धूर दिसत नव्हता. जमिनीवरही काही नव्हतं. नुमानचा चेहरा मात्र पांढरा झाला होता आणि त्याचा डावा बूट जमिनीवर जरा जास्तच घट्ट टेकलेला होता.

गोरखला नियम पाठ होता. ज्वालाग्राही माल, गोणपाट, आत धूम्रपान: प्रस्ताव नाकारावा. एका ओळीत होणारं काम. त्याला ते वाक्य लिहितानाच्या हाताची हालचालसुद्धा जाणवली. पण बुटाखाली काय आहे ते त्याने पाहिलेलं नव्हतं, आणि जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही हाही नियमच होता. नुमानला बहुतेक तेच कळलं असावं. त्याने पाय आणखी दाबला.

"नुमान," नूरजहाँबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या. "पाय उचल."

"अम्मी, काही नाही."

"पाय उचल म्हणते ना."

"अम्मी, उद्या मंचरला गेली खरेदी तर हे सगळं..."

"जाऊ दे जायची ती. तुझ्या अब्बांच्या वखारीत कुणी बुटाखाली खोटं ठेवलं नाही. उचल."

नुमानने पाय उचलला. चपटं झालेलं थोटूक, टोकाशी अजून एक बारीक लाल ठिपका. नूरजहाँबाई आल्या, वाकल्या, लोट्यातलं पाणी त्यावर ओतलं, ते बोटांनी उचललं आणि गोरखपुढे धरलं. "हे घ्या. लिहून टाका. मी सांगितलं ते खोटं ठरलं." गोरखने ते थोटूक घेतलं. ओलं, क्षुल्लक. इतक्या वर्षांत कुठल्याही मालकाने त्याच्या हातात असं काही दिलं नव्हतं. ते लपवत, तो शोधत असे. आता शोधायला काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याला काय करावं ते कळेना.

"कुणी ओढली?" त्याने विचारलं. रागाने नाही.

"म्या," जानकू म्हणाला. मान खाली नव्हती, पण बोलताना तो डाव्या बुटांकडे बघत होता. "चूक झाली. पर मालकीण खोटं न्हाई बोलल्या साहेब. तीस वर्सं हितं कुनी वडली न्हाई. म्या बी न्हाई."

"मग आजच का?"

जानकू जरा गोंधळला. हा प्रश्न इतका सोपा का विचारतात असं त्याला वाटलं असावं. "आज बूट घातलं न्हवं," तो म्हणाला. "ती टोपली हाय ना, ती आमच्या देवाच्या राईतल्या पयल्या हिरड्याची. हंगाम लागला की पयली टोपली हितं ठेवायची, जलालशेठनीच जागा दिली व्हती. तवापासनं हितं अनवानी यायचं. राईत जातो तसं. पायतान भाईर, आन पायतानासंगं इडीकाडी भाईर. आता बूट घालून आत आलो तर राई कुठली आन देव कुठला? मंग ही नुस्ती वखार. हात आपुआप खिशाकडं गेला."

"आमचे मालक म्हणायचे," नूरजहाँबाई हळू म्हणाल्या, "मशिदीत चप्पल काढतो तर हिरड्यात का नको? हा पण खुदानंच दिलाय. ते स्वतः काढायचे. मीही काढते." गोरखने त्यांच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी होते. इतका वेळ तो त्यांच्यासमोर होता आणि ते त्याला दिसले नव्हते. त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. काळे, पॉलिश केलेले, नाडीचे बूट.

दारातली ती फळी. काडेपेट्या, चिलीम, पिशव्या. ज्वलनाची साधने, प्रवेशद्वाराशी. म्हणजे आत नाहीत. तो वखारीत शिरला तेव्हा त्याने ती जोखीम म्हणून मनात टिपली होती, आणि ती होती ही वखार तीस वर्षं का उभी आहे त्याचं कारण. जी गोष्ट जळेल ती शोधायला त्याला शिकवलं होतं. जी गोष्ट जळत नाही ती का जळत नाही, असा रकाना कुठल्याच कागदावर नव्हता. त्याला मांडवाच्या कडेला बसलेली ठकूबाई दिसली, कनातीची दोरी पाठीला टोचत असताना, मान डोलवत, गाणी ऐकत. ती घाबरून तिथे बसत नव्हती. एकदा वाट डोळ्यांसमोर आली की ती वाटेकडे बघायची थांबायची. सगळं ध्यान मग गाण्यांचं. वाटेचं बघून ठेवणं ही तिची सुखाने बसायची रीत होती. त्याने रीत उचलली होती आणि पुढचं, बसायचं, विसरला होता. ही गोष्ट त्याला इतकी साधी वाटली की त्याला थोडं हसू आलं. हसू आलेलं पाहून हमाल बुचकळ्यात पडले.

तो दाराबाहेर गेला. उंबऱ्यावर बसून नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे आत खुपसले. खिशात लायटर होता. सिगारेट सोडून वर्ष झालं होतं, पण लायटर राहिला होता. तो त्याने फळीवर ठेवला, चिलमीशेजारी. फरशी थंड होती, मग आत हिरड्याची धूळ, मऊ आणि खरखरीत एकाच वेळी. मागोमाग चौघेही बाहेर आले. गमबूट निघताना पचक पचक आवाज करत होते. जानकूने आपले दोन्ही डावे बूट नुमानपुढे धरले. "घ्या मालक. ठेकेदाराला म्हनावं, तुमचा गडी आता सरळ चालंल."

"टोमणे पुरे," नुमान म्हणाला, पण तोही बूट ओढत होता, आणि ते निघत नव्हते, तेव्हा जानकूनेच ते ओढून काढले.

मग उरलेली तपासणी झाली. आता ती दोघांची झाली, कारण नूरजहाँबाई त्याच्याबरोबर फिरल्या. उत्तरेच्या खणातली वायर बदलावी लागेल, पाइपातून न्यावी लागेल, त्याने सांगितलं. बदलू. बल्बखालची पोती काढावी लागतील. आज काढतो. वाळूच्या बादल्या? आहेत की, नूरजहाँबाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून म्हणाल्या, पण त्या सध्या बायडाबाईच्या पोराच्या लग्नात आमटी वाढायला गेल्यात, उद्या परत येतील. गोरखने लिहिलं: बादल्या परत आणाव्यात. "हिरडा खाऊन बघा," त्या म्हणाल्या. त्याने एक तुकडा चावला. तोंड आवळलं, डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी दिलेलं पाणी प्यायला. ते गोड लागलं. त्याला हे माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, तरी आश्चर्य वाटलं.

निघताना रोलमध्ये एक फोटो उरला होता. त्याने दाराचा काढायचं ठरवलं, फळी आणि खाली चपला. "बाजूला व्हा," असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. "असेच उभे राहा," तो म्हणाला. ते उभे राहिले. जानकू म्हणाला, "साहेब, तुमी बी या की. पोरगं काढंल." नुमानने कॅमेरा घेतला. गोरख त्यांच्यात उभा राहिला, अनवाणी, ऊन पायांवर.

मॅनेजर त्याच्या अहवालावर हसले. अट क्रमांक तीन त्यांनी मोठ्याने वाचली: साठवणुकीच्या जागेत कोणीही पादत्राणे घालून जाऊ नये, काडेपेट्या व धूम्रपानाचे साहित्य पादत्राणांबरोबर दाराबाहेरील फळीवर ठेवावे, ही फळी काढू नये. "भोर, हा विमा आहे की सत्यनारायण?" गोरखने त्यांना बुटाखालचं थोटूक सांगितलं, ते कुणी उचललं ते सांगितलं. मॅनेजर थोडा वेळ पेन फिरवत राहिले. "म्हणजे उद्या कुणी बूट घालून आत गेला आणि आग लागली, की आपण मोकळे," ते म्हणाले. "हो," गोरख म्हणाला, "पण कुणी जाणार नाही." सही झाली. खरेदी घोडेगावलाच राहिली.

रोल धुऊन आला तेव्हा त्याने त्या शेवटच्या फोटोची एक जास्तीची प्रत काढून घेतली आणि घरी नेली. वाढदिवसाचे फोटो अजून टेबलावरच होते. पडदा त्याने त्या आठवड्यात बांधून टाकला होता, आणि त्यानंतर त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. अश्विनीने नवा फोटो त्या फोटोंच्या शेजारी ठेवला. प्राची खुर्चीवर चढून वाकली. नूरजहाँबाई समोर बघत होत्या, हमाल समोर बघत होते, जानकू तर छाती काढून. "बाबा परत दुसरीकडेच," प्राची म्हणाली. "पण आई, बघ, हसतोय."

"खरंच की," अश्विनी म्हणाली. तिने फोटो दिव्याखाली धरला. "काय बघतोयस एवढं?"

"चपला," गोरख म्हणाला, आणि खुर्ची ओढून त्या दोघींच्या मध्ये बसला.